उन्हाची पेटी

उदगीरहून लातूरला निघालेल्या एसटीच्या टपावर माझी वळकटी, एक ट्रंक आणि एक सौरचूल चढली. पहिल्या दोन वस्तूंबद्दल कंडक्टरची तक्रार नव्हती. तिसरीचे झाकण त्याने चढवण्याआधी उघडले, आतल्या आरशात भांग नीट केला आणि लगेजचे तिकीट फाडताना विचारले, हे नेमके काय. माझे वडील, अप्पा, म्हणाले, "पोराचा संसार हाय."

अप्पांचे रॉकेलचे दुकान होते. सौरचूल आमच्या घरी आली ती त्यामुळेच. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या कचेऱ्यांना योजना राबवून दाखवायच्या होत्या. एका साहेबाला वाटले, रॉकेलवाल्यानेच पहिली चूल घेतली तर गाव मागोमाग घेईल. गावाने वेगळा अर्थ काढला: रॉकेल संपत आलेले दिसते. त्या आठवड्यात दुकानापुढची रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली.

अव्वाने, म्हणजे आईने, चुलीवर डाळ शिजवली, शेंगदाणे भाजले आणि मग भाकरीचे काय, असे विचारले. साहेबाच्या पत्रकात भात, डाळ आणि केक होता. भाकरीला जाळ लागतो, तो पेटीत नव्हता. अव्वाने तीत पापड ठेवले. मांजराला झाकण उघडता येत नाही, एवढा गुण तिने मान्य केला.

मला लातुरात एका नव्या दैनिकात नोकरी लागली होती. अप्पांना ती नोकरी वाटत नव्हती. त्यांची अट एकच होती: पावसाळ्यापर्यंत स्वतःचे स्वतः करून खायचे, जमले नाही तर परत येऊन दुकानात बसायचे. भाड्याच्या खोलीत स्टोव्ह चालणार नाही, असे घरमालकीण काकूंनी आधीच कळवले होते. भिंतींना नुकताच रंग दिला होता. तेव्हा पापड बाहेर निघाले आणि चूल माझ्याबरोबर आली.

ते दुष्काळाचे वर्ष होते. लातुरात पाणी नव्हते, ऊन भरपूर होते. सकाळी गच्चीवर डाळ-तांदूळ ठेवावेत, कामावर जावे, परत येऊन जेवावे, असा माझा बेत. पहिल्या दिवशी डाळ ठेवली तशीच मिळाली, फक्त कोमट. सूर्य पुढे गेला होता, पेटी तिथेच होती. तिचे तोंड दिवसभर उन्हाकडे फिरवत राहावे लागते, हे अव्वाने सांगितले नव्हते. येता-जाता ती फिरवायची आणि ते काम आहे असे तिला कधी वाटले नव्हते. पत्रकात इंधनाचा खर्च शून्य छापला होता. घरी थांबणारे माणूस त्यात धरलेले नव्हते.

ते माणूस काकू झाल्या. वाळवण राखायला त्या जिन्यात बसतच. पेटी फिरवण्याच्या बदल्यात त्यांनी तीत अर्धी जागा मागितली आणि पाऊण घेतली. त्यांच्या शेंगदाण्यांमागे माझी डाळ कोपऱ्यात शिजू लागली. त्यांच्या चुलीवरची भाकरीही येऊ लागली. घरी मी यातले काही कळवले नाही.

सगळा जिल्हा ढगांची वाट पाहत होता. मी तशा बातम्या लिहीत होतो. बातमी दिली की खिडकीतून निरभ्र आकाश पाहून मला हायसे वाटे. जिल्ह्यात ढगांना विरोध असणारा बहुधा मी एकटाच.

ढग आले त्याच दिवशी अप्पा आले. गल्ली रस्त्यावर येऊन वर पाहत होती. अप्पा थेट गच्चीवर गेले, झाकण उघडले आणि डाळीचा दाणा बोटांत दाबला. दाणा फुटला नाही.

"नुसती पाण्यात बसून राहिली," ते म्हणाले.

काकू माझ्या मदतीला धावल्या. "भाऊ, रोज चांगली शिजती. मी सोता फिरवते की. आज आभाळच आलंय."

अप्पांनी काकूंकडे पाहिले, मग माझ्याकडे. "म्हंजे तू करून खायलास, का ह्या करून घालायल्यात?"

मी मनात ट्रंक भरायला घेतली होती.

अप्पांनी पिशवीतून स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा काढला. काकूंनी आधी भिंतींची आठवण करून दिली, मग गच्चीवर पेटवायला हरकत घेतली नाही. अप्पांनी डाळ शिजवली, काकूंनी भाकरी आणल्या. आम्ही जेवेपर्यंत ढग एक थेंबही न टाकता कर्नाटकाकडे निघून गेले.

निघताना अप्पांनी स्टोव्ह आणि डबा तिथेच ठेवला. दुकानाचा विषय निघाला नाही. ते काकूंना एवढेच म्हणाले, "ऊन तुमी बघा, ताई. ढगाचं म्या बघतो."

त्यानंतर दर पावसाळ्यात एसटीने डबा येत राहिला.

आता मी नांदेडला असतो. छतावर सोलर पॅनल आहेत. ती फिरवावी लागत नाहीत, धुवावी लागतात, तीही उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने. पुण्यातली मुलगी फोनवर विचारते, बिल शून्य आले का. येते. बादली घेऊन शिडी चढणारी तिची आई त्या बिलात नसते.

उदगीर सोडलेले आणि तिथेच राहिलेले, दोघेही मला विचारतात, तुझे घर आता कोणते. कागदावर नांदेड लिहितो. पण आभाळ भरून आले की भोवतालचे लोक खूश होतात आणि मी अजूनही आधी मनाने लातुरातल्या त्या गच्चीवर जातो: काकू जिन्यात आहेत ना, आणि उदगीरहून डबा निघाला का.