आठव्या सिलिंडरमागची वाटी

ऑक्टोबर संपता संपता आपला पिकअप ट्रक आचके द्यायला लागला. सिग्नलला उभा असला की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळा थरथरायचा, आणि हायवेवर चढताना उचकी लागल्यासारखा अडायचा. समोरचा पिवळा दिवा लुकलुकत राहायचा. एका दमट सकाळी, शुगर लँडहून ह्यूस्टनकडे जाताना, तो मधल्या लेनमध्ये चक्क बंद पडला. चालवत मी होते. मागून आलेल्या ट्रेलरने इतक्या जवळून हॉर्न दिला की तुमच्या आजोबांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

ही हकीकत आजोबांनी तुमच्या बाबाला फोनवर रंगवून सांगितली. बाबाला हसू आलं नाही.

"आई, पुन्हा एकदा बंद पडला ना, तर दॅट्स इट. घर विकायचं आणि इकडे आमच्याकडे मॉरिसव्हिलला यायचं. नो आर्ग्युमेंट्स."

आमच्याकडे दुसरी गाडी नाही. डोळ्यांमुळे आजोबांचं ड्रायव्हिंग बंद झालं आहे, आणि आमच्या भागात साधं दूध आणायला जायचं तरी गाडी लागते. बाळांनो, तुमच्याकडे आठ दिवस राहायला मला फार आवडतं. पण तुमच्या घरातली पाहुण्यांची खोली कायमची माझी व्हावी असं मला वाटत नाही. म्हणून ट्रक दुरुस्त होणं भाग होतं.

शनिवारी आजोबांचे तीन मित्र आले. तुम्ही ज्यांना काका म्हणता तेच तिघे. तिघेही निवृत्त इंजिनिअर, आणि आजोबा चौथे. पार्ट्सच्या दुकानात यंत्र लावून कोड वाचून आणला होता: आठवा सिलिंडर नीट पेटत नाही. एवढी माहिती हाताशी असताना या चौघांनी जे केलं, ते पाहून मला लाज वाटली.

"वहिनी, कॉइल गेलीय. डोळे मिटून सांगतो."

"मग जरा उघडून सांगा," मी म्हणाले.

"कॉइल कसली रे? प्लग बघ आधी."

"यार, तुम्ही दोघं गप्प बसा. पेट्रोलमध्ये पाणी आहे. वहिनी, चहा होईल का?"

कोणी काही तपासलं नाही. प्लगला वीज पुरवणारी कॉइल नवी बसवली, ट्रक थरथरतच राहिला. नवा प्लग बसवला, तरी थरथरला. मग टाकीत कसलंसं औषध ओतलं आणि तिघं पोहे खाऊन घरी गेले. जुना काळाकुट्ट प्लग माझ्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला. पोळ्यांच्या डब्यात घालायच्या पांढऱ्या फडक्याला कोणीतरी ग्रीसचे हात पुसले होते. मी ते फडकं चिमटीत धरून कचऱ्यात टाकलं. फडक्यापेक्षा मला किळस आली ती त्या कामाच्या पद्धतीची. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. आमच्याकडे कोणी असं रक्त तपासलं असतं, तर त्याला दुपारपर्यंत घरी पाठवला असता.

सोमवारी मी वही घेऊन गॅरेजमध्ये गेले.

"आज एका वेळी एकच बदल करायचा," मी आजोबांना म्हटलं. "आणि प्रत्येक बदलानंतर काय झालं ते मी लिहिणार."

"अगं, मी चाळीस वर्षं इंजिनिअर होतो."

"म्हणूनच लिहायला मी आहे."

आठव्याची कॉइल सातव्यावर लावली आणि सातव्याची आठव्यावर. दोष कॉइलचा असता, तर तो तिच्याबरोबर सातव्यावर गेला असता. गेला नाही. प्लगची अदलाबदल केली. दोष आठव्यालाच चिकटून राहिला. मग उरलं काय? पेट्रोल आत सोडणारा इंजेक्टर, नाहीतर त्याच्याकडे जाणारी वायर. आठवा सिलिंडर अगदी मागे, ड्रायव्हरच्या बाजूला आहे. तिथे हात जेमतेम जातो आणि नजर जात नाही. शनिवारी तिथे कोणी पाहिलं नव्हतं, यात नवल नाही.

मी टॉर्च धरली आणि वाकले. आधी वास आला. मुतलेल्या गोणपाटाचा, कुजक्या तेलाचा, ओकारी यावी असा. मग दिसलं घरटं: बॉनेटखालचा कापूस, वाळकं गवत, काळ्या लेंड्या, आणि दोन मेलेली, केस नसलेली उंदराची पिल्लं. आजोबांनी हातमोजे घालून ते ओढून काढलं, तेव्हा त्यातून पिवळे-लाल तांदळाचे दाणे गळले. खोबऱ्याची कुरतडलेली पाठ निघाली. आणि शेवटी माझी छोटी स्टीलची वाटी निघाली.

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, हे तुम्हाला माहीत आहे. आजोबांचं म्हणणं असतं की पूजा इंजिनाची करायची, पत्र्याची नाही. म्हणून आपल्याकडे बॉनेट उघडून आत हळद-कुंकू आणि अक्षता वाहतात, आणि गूळखोबऱ्याची वाटी तिथेच ठेवतात. दहा मिनिटांनी ती वाटी मी उचलते आणि प्रसाद वाटते. दरवर्षी उचलते. या वर्षी तिच्यावर बॉनेट बंद केलं. ते मीच केलं.

वाटी हरवली म्हणून मी दोन आठवडे एका काकूंवर मनातल्या मनात ठपका ठेवून होते. दसऱ्याच्या दिवशी त्या चिवडा घेऊन गेल्या होत्या, वाटीही नेली असणार, असं धरून चालले होते. शनिवारी त्या चौघांना मी नावं ठेवली. आता स्वतःचीच शिसारी आली, आणि ती साबणाने हात धुऊन गेली नाही.

घरट्याखालची वायर उंदरांनी कुरतडली होती. उघडं तांबं कधी टेकायचं, कधी सुटायचं, आणि दमट हवेत तर जास्तच. आजोबांनी तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली. इंजिन सुरू केलं. थरथर पूर्ण थांबली होती. आम्ही हायवेवर जाऊन तासभर फिरून आलो. दिवा लागला नाही.

"त्याला सांग, उंदीर होता," आजोबा म्हणाले. "खोटं थोडंच आहे?"

"अर्धं आहे," मी म्हणाले, आणि बाबाला फोन लावून सगळं सांगितलं, वाटीसकट.

तो आधी मोठ्यांदा हसला. मग म्हणाला,

"आई, तू कधी काही विसरत नाहीस."

"हो ना."

"मग ही वाटी कशी?"

"मला माहीत नाही."

"बाकी काही?"

"मागच्या महिन्यात एकदा घरी येताना वळण चुकले होते. तुझ्या बाबांनी सांगितलं तेव्हा कळलं."

त्याने घराचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाला, "डॉक्टरकडे जा. प्लीज." जाते म्हटलं. ट्रक आता नीट चालतो, आणि आम्ही इथे राहायचं की नाही हे ट्रकवर अवलंबून राहिलेलं नाही. मंगळवारची वेळ मिळाली आहे. तिथे काय सांगतात ते मी तुम्हाला स्वतः कळवीन, अर्धं नाही.