रुळावरचा दिव्यांचा डबा

बाबा नागपूरहून आमच्याकडे लीड्सला राहायला आले आणि शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांशी त्यांची गट्टी जमली. गृहस्थांच्या लॉफ्टमध्ये खेळण्यातल्या रेल्वेचं अख्खं जाळं होतं. अर्थात खेळण्यातली म्हटलेलं त्यांना खपत नसे. बाबांची हयात रेडिओ दुरुस्तीत गेलेली. त्यांनी मला न विचारता शब्द देऊन टाकला, की तुमच्या पॅसेंजरच्या डब्यात एलईडीचे दिवे बसवून देतो.  पण हल्ली त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायचा आणि ते थंडीवर ढकलायचे.

डबा गृहस्थांच्या भावाने हाताने रंगवलेला होता, आणि तो भाऊ आता नव्हता. डबा आमच्या किचन टेबलावर आल्यापासून मला घास गोड लागेना.

बाबांनी छत अलगद सोडवलं, दिवे जोडले, बॅटरीवर तपासले. पेटले. शेजाऱ्यांच्या रुळावर मात्र गाडी पुढे जाताना लख्ख उजेड आणि मागे येताना मिट्ट काळोख. गाडी उलटी न्यायची तर तिथे रुळातला करंटच उलटा करतात, आणि एलईडी एकाच दिशेने पेटतो. डबा घेऊन आम्ही घरी परतलो. आता आत एक रेक्टिफायर बसवायचा होता, म्हणजे करंट कुठूनही आला तरी दिव्यांना तो एकाच बाजूने मिळतो. वस्तू शेंगदाण्याएवढी.

"बाबा, राहू द्या ना. एका साइडलाच लागतात म्हणून सांगू त्यांना."

"शब्द दिलाय रे."

सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक रंगवलेल्या भिंतीच्या अगदी जवळ गेलं, थरथरलं, मागे आलं. पुन्हा गेलं. 

"उजेड कमी पडतोय," ते म्हणाले.

मी टेबललॅम्प पुढे ओढला. काही फरक पडला नाही. मग त्यांनी आयर्नची मूठ माझ्याकडे केली.

"घे. तू लाव, मी सांगतो."

याच आयर्नला हात लावला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला होता. आज ते मिळत होतं आणि मला ते नको होतं. तरी घेतलं. ते सांगत गेले, मी जोडत गेलो.

शेजाऱ्यांच्या रुळावर डबा पुढे पळाला, मागे आला, दिवे लागलेलेच राहिले. गृहस्थांचे डोळे भरून आले. त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवला. त्यांनी सोडल्यावरही तो हलतच होता. बाबांनी घाईने तो कोटाच्या खिशात घातला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.