व्याह्यांची गाडी

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून उतरायचे ते बघवत नसे. आधी एक पाय बाहेर, मग दाराची कड घट्ट धरून थोडा वेळ तसंच बसणं, मग तोंडातल्या तोंडात "आई गं" म्हणत उठणं. गुडघे पार गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं, बसायची जागा उंच असलेली गाडी घ्या, नाहीतर गाडी चालवणं सोडा. सोडणं शक्यच नव्हतं. आई गेल्यापासून ते शिरोळकडच्या आमच्या मळ्यात एकटे राहतात आणि कारखाना, दवाखाना, माझं कोल्हापूरचं घर, धाकट्या बहिणीचं सासर, सगळीकडे स्वतः गाडी हाकत जातात. ड्रायव्हर ठेवू म्हटलं की म्हणतात, "मी काय आमदार हाय?" नवी गाडी या वयात कशाला, हेही त्यांचंच. तेव्हा वापरलेली, पण उंच आणि दणकट गाडी शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी थोरली ना.

हे काम मी मन लावून केलं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला जो राग आला तो उगाच नव्हता. हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांची दुकानं आहेत, तिथे उन्हात उभी राहून मी गाड्या बघितल्या. प्रत्येक दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. "वहिनी, साहेब न्हाईत आलं?" गाडी मीच बघणार आहे म्हटलं की लगेच सीटचा रंग दाखवायला लागायचा. आणि प्रत्येक गाडी एका डॉक्टरांची. डॉक्टर ती फक्त रविवारी बाहेर काढायचे, जोतिबाला जाऊन यायला. या हिशेबाने कोल्हापुरातले झाडून सगळे डॉक्टर एव्हाना पायी हिंडत असले पाहिजेत.

शेवटी वारणानगरच्या एका कॉलनीत मनासारखी गाडी सापडली. निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेली. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने खाली झोपून बघितली, चालवून बघितली आणि डोळे झाकून घ्या म्हणाला. आण्णांना नेऊन बसवलं. ते चढले, बसले, उतरले, एकदाही दाराला हात लावला नाही. "बरी हाय," म्हणाले. आण्णा माझ्या दहावीच्या निकालालाही बरा हाय एवढंच म्हणाले होते, त्यामुळे मी खूश झाले. विचार करून कळवतो असं सांगून आम्ही परत आलो.

विचार त्यांनी केला, पण माझ्या पाठीमागे. त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "ठरली गाडी. व्याह्यांची."

झालं असं होतं. बहिणीच्या सासऱ्यांनी नवी गाडी घेतली होती आणि जुनी, तशीच उंच, दारात उभी होती. आण्णा गाडी बघतायत हे त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आण्णांना जेवायला बोलावलं, मटण केलं, आणि हात धुऊन झाल्यावर नारळ आणि किल्ली एकदमच हातात दिली. "घरची गाडी घरातच ऱ्हाऊ दे की पावणं." आण्णांनी किल्ली कपाळाला लावली. संपलं.

"नीट बघितली का?" मी विचारलं.

"बघायचं काय त्यात? सोयऱ्याची हाय."

"मी उद्या मिस्त्रीला घेऊन जाते."

"खुळी हायस का? सोयऱ्याच्या दारात मिस्त्री न्हेत्यात व्हय? त्यापरास त्यास्नी तोंडावर चोर म्हण की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच माणसं म्हैस घेताना तिचे दात बघतात, सकाळ-संध्याकाळ धार काढून बघतात, बाजारात कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाहीत. सोयरा म्हटलं की मात्र तपासणं म्हणजे अपमान. आणि हा नियमही एकाच बाजूचा. बहिणीच्या लग्नात आम्ही दिलेली ताटंसुद्धा तिच्या सासरच्यांनी उलटी करून बघितली होती. तेव्हा कुणाचा अपमान झाला नाही. डोळे मिटून घ्यायचं ते मुलीकडच्यांनी, आणि वर हसून घ्यायचं.

रविवारी गाडी आणायला मी आण्णांबरोबर गेले. मिस्त्री नव्हता, पण माझे डोळे मी घरी ठेवून जाणार नव्हते. गाडी नुसती झगमगत होती. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नवी सीट कव्हरं, नव्या मॅट, आरशाला अत्तराची बाटली. जुन्या गाडीत इतकं सगळं नवं कशाला, असं मनात आलं. मी पुढच्या सीटवर बसले आणि सीटचा पट्टा ओढला. गळ्यापासून कमरेपर्यंत येतो तेवढा नाही, अगदी शेवटपर्यंत ओढला. शेवटचा हातभर पट्टा पिवळट होता, आणि त्यावर बारीक गाळ वाळून बसला होता. मग वास आला.

तो वास आमच्या भागात लहान पोरालाही ओळखता येतो. महापूर ओसरल्यावर कपाटातून, गाद्यांतून, भिंतीतून येतो तो. अत्तराने तो मरत नाही. ही गाडी मागच्या पुरात सीटच्या वर पाण्यात उभी होती. अशा गाडीच्या वायरी आतून कुजत जातात. आज चालेल, उद्या भर हायवेवर बंद पडेल, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येत असेल. गुडघे गेलेल्या माणसाला दार उघडून पळताही येणार नाही.

"आण्णा, जरा इकडं या. वास घ्या."

"अत्तराचा हाय," ते म्हणाले, आणि अंगणापलीकडच्या उसाकडे बघत राहिले.

"अत्तराचा? ही गाडी पुरात होती." मी हे मोठ्याने म्हणाले. अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

व्याही हसले. "ताई, आमच्या दारात आजवर कधी पाणी आलं न्हाई."

"दारात नसेल आलं. गाडी कुठं होती?"

व्याही झेंडूचा हार सारखा करायला लागले. आण्णा मुकाट्याने गाडीत चढले आणि स्टिअरिंगला हात लावून बसले. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. एवढ्यात बहीण औक्षणाचं तबक घेऊन बाहेर आली. तिने निरांजन लावलेलं होतं. ती गाडीजवळ आली, पण ओवाळलं नाही.

"आण्णा, उतरा," ती म्हणाली. "पुरानंतर ह्या गाडीत मी माझ्या पोराला बसवलं न्हाई. तुमास्नी कशी बसवू?"

"सूनबाई, आत जा," व्याही म्हणाले. ती तबक पायरीवर ठेवून आत गेली. आण्णा उतरले. किल्ली गाडीतच राहिली. आम्ही माझ्या गाडीने निघालो, आणि गावाची वेस येईपर्यंत मी व्याह्यांना येतील तेवढ्या शिव्या दिल्या. त्यांनी बापाला मरायला गाडी दिली, त्यावर नारळ ठेवून दिली, असं बरंच काही.

"गाडी वळीव," आण्णा म्हणाले.

"कशाला? आणखी एक नारळ घ्यायला?"

"शबुद मी दिलता. मोडायचा तर म्याच मोडाय पायजे. आता समदं त्या पोरीवर निघंल."

मी गाडी वळवली. व्याही अजून अंगणातच होते, हाताची घडी घालून. आण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"पावणं, गाडी मी घेत न्हाई. पोरगी बोलली म्हणून न्हाई. मी जेवाय आलतो त्याच दिवशी मला वास आलता."

व्याह्यांचा चेहरा उतरला. तरी म्हणालेच, "मग तवाच का न्हाई बोलला?"

"लेक दिलीया तुमच्यात," आण्णा म्हणाले.

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. आण्णांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्या घडीला मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा व्याह्यांचाही आला नव्हता. लेकीला सासरी कुणी टाकून बोलू नये म्हणून आम्हा दोघींच्या बापाला ते त्या गाडीत बसवायला निघाले होते, आणि आम्हाला विचारलंही नव्हतं.