नातीला दूर ठेवलं ते दिवस

सगळे माझ्याबद्दल म्हणतात, आप्पांनी बायकोची फार सेवा केली. ते पुरतं खरं नाही.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर हिला मशीनवर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे. दौंडहून रोज सकाळच्या गाडीनं मीच तिला पुण्याला न्यायचो. पण रिटायर होईपर्यंत मी कुरकुंभला केमिकल कंपनीत होतो. तिथले कपडे घालून पोरांना जवळ घ्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. शेकाचंही तसंच काही अंगात राहत असेल असं मला वाटायचं, म्हणून शेक घेऊन आलेल्या हिच्या मांडीवर मी आमच्या लहानग्या नातीला बसू दिलं नाही. नात दारातून हात पसरायची आणि ही भिंतीला टेकून नुसती बघायची.

शेकाच्या शेवटच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मशीन बंद झालं की अंगात काही राहत नाही."

परतताना गाडीत हिला ते सांगितलं.

"ठाव हाय मला," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पयल्याच आठवड्यात सिस्टरला इचारलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमी म्हणला, तुला काय कळतंय त्यातलं."

घरी पोचताच मी नातीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"घ्या हिला," ती थोड्या वेळानं म्हणाली. "आता पेलवत न्हाई मला."