तीन नंबरचा कॉम्प्युटर

क्लास संपून बरेच दिवस झाले, पण आम्ही तिघं भेटलो की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी "ते आठवतं का?" म्हणतंच. मग घरून फोन येईपर्यंत उठणं नाही. वेब डिझाइन किती आलं ते विचारू नका. किस्से मात्र भरपूर साठले.

घोरावाडी स्टेशनसमोर, हार्डवेअरच्या दुकानावर हा क्लास होता. शिकवणारे निखिल सर अगदी पोरसवदा, शिकणारे आम्ही त्यांच्या आईबापांच्या वयाचे. मी नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतलेला क्वालिटी इन्स्पेक्टर. शेवंतामावशींचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान. आणि तिसरे तिकोणा पेठेचे ज्ञानोबाभाऊ.

भाऊंचं वावर पवना धरणाच्या काठाला. तिथं त्यांनी पर्यटकांसाठी तंबू लावले होते. पुण्याची एक पार्टी त्यांच्या मागे लागली होती. "तुमची वेबसाइट नाही, गिऱ्हाईक येणार कुठून? जागा आम्हाला चालवायला द्या, तुम्ही राखणीला राहा." स्वतःच्याच वावरात राखणदार! हे भाऊंना फार लागलं होतं. म्हणून या वयात ते माउस धरायला शिकत होते.

* * *

पहिली फजिती माझीच. सरांनी तीनशे पिक्सेल रुंदीचं बटण करायला सांगितलं. केलं. आता नोकरी सुटली तरी सवय कुठे सुटते? खिशातून व्हर्नियर काढला आणि स्क्रीनवरचं बटण मोजलं. शेजारच्या मॉनिटरवर तेच बटण मोठं निघालं. त्याच्या शेजारी आणखी मोठं.

मी गंभीरपणे म्हणालो, "सर, एकही पीस दुसऱ्याशी जुळत नाही. लॉट रिजेक्ट करावा लागेल."

सरांनी माझ्या हातातला व्हर्नियर अलगद काढून टेबलावर ठेवला. "काका," ते म्हणाले, "आज लवकर घरी गेलात तरी चालेल."

* * *

खंडेनवमीला मावशींनी सगळ्या कॉम्प्युटरांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. तीन नंबरचा कॉम्प्युटर सगळ्यांत म्हातारा. त्याचा सीडीचा ट्रे मनाला येईल तेव्हा बाहेर यायचा. मावशी हात जोडून उभ्या असतानाच तो बाहेर आला. त्यांनी त्यावर पेढा ठेवला. ट्रे आत गेला.

मावशींचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं नैवेद्य दाखवतेय," त्या म्हणाल्या, "घेतला आजच."

पुढे आत मुंग्या झाल्या. सरांनी तो भंगारात काढायचं म्हटलं, तर मावशी बोलायच्या बंद झाल्या. शेवटी तो भाऊंच्या वाट्याला आला.

* * *

सरांनी दिलेल्या नमुन्याच्या पानावर कसलासा लॅटिन मजकूर होता.

"ह्ये काय लिवलंय?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही, नुसतं जागा भरायला."

"मंग ऱ्हाऊ द्या की मोकळी. मोकळ्या जागंसाठीच तर लोकं येत्यात."

भाऊंनी तो मजकूर पुसला. धरणाचा एक फोटो, चुलीवरच्या पिठलं-भाकरीचा एक, आणि संपर्काच्या पानावर एकच ओळ: 'तिकोणा पेठंत या. कुनालाबी इचारा.' आम्ही हसलो, पण खरं सांगतो, आमच्या तिघांत त्यांचीच साइट बघावीशी वाटायची.

* * *

आता ती इंटरनेटवर चढवायची होती. सर म्हणाले, "सध्या ती फक्त या तीन नंबरवरच उघडते. सगळीकडे दिसायला सर्व्हरवर जागा भाड्यानं घ्यावी लागेल."

भाऊ खुर्चीतून उठलेच. "भाड्यानं? राखनदार व्हायचं न्हाई म्हनूनच तर हितं आलो, आता भाडेकरू होऊ व्हय? माजी वेबसाइट दुसऱ्याच्या जागंत न्हाई ऱ्हायची. हाय तितं बरी हाय."

सरांनी पुष्कळ समजावलं. भाऊंनी ऐकून घेतलं, आणि गावी जाऊन रस्त्यावरच्या पाटीवर फोन नंबराखाली रंगवून घेतलं: 'वेबसाइट आहे'.

फोन यायला लागले. वेबसाइट कुठे बघायची, असं लोक विचारायचे. भाऊ सांगायचे, "घोरावाडी टेसनाला उतरा. समूर हारडवेरचं दुकान, त्येच्या वर."

आणि लोक आले! मावशी त्यांना चिक्की द्यायच्या, मी चहा सांगायचो, सर तीन नंबर सुरू करायचे. फोटो बघून झाले की भाऊ त्यांना जीपमध्ये घालून तिकोण्याला न्यायचे.

* * *

दर सोमवारी क्लासला सुट्टी असायची, म्हणून एका सोमवारी भाऊंनी मला आणि मावशींना वावरात जेवायला बोलावलं. भाऊ चुलीपाशी बसले होते, आणि नेमका पुण्याच्या पार्टीचा माणूस करारनामा घेऊन आला. तंबूंसमोर आदल्या दिवशी आलेली दोन कुटुंबं ऊन खात बसली होती.

"ही कुठून आली?" त्यानं विचारलं.

"वेबसाइट बगून."

त्यानं फोन काढला. बराच वेळ बोट फिरवलं. "भाऊ, कसली वेबसाइट? काहीच उघडत नाहीये."

भाऊंनी चुलीत लाकूड सारलं.

"आज सोमवार न्हाई का," ते म्हणाले. "उद्या धा वाजता उघडंल."