पाणी भरणाऱ्यांचा चहा

आमच्या मंडळीत एक रीत आहे. पाळक निवृत्त झाला की त्याने वर्षभर त्या चर्चची पायरी चढायची नाही. नव्या पाळकाचा जम बसावा, लोकांनी ऊठसूट जुन्याच्या तोंडाकडे बघू नये, एवढाच हेतू. ही रीत लावली आमच्या ह्यांनीच, तीसेक वर्षांपूर्वी, मुकुंदवाडीत पाळक म्हणून नवे आले तेव्हा. त्यांच्या आधीचे पाळक दर रविवारी पहिल्या बाकावर बसून ह्यांचा उपदेश ऐकायचे आणि मध्येमध्ये मान हलवायचे, तीही आडवी. हे वैतागले. पंचांसमोर पोटतिडकीने बोलून त्यांनी रीत मंजूर करून घेतली. आता ती त्यांच्याच अंगाशी आली.

मला मात्र खरं सांगायचं तर उत्सुकताच जास्त होती. ज्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही कोण कुठे बसेल हे ठरवल्याशिवाय घास जात नाही, तो माणूस हे कसं जमवणार? मी मनातल्या मनात पैज लावली होती. पंधरवडाही काढणार नाहीत.

निरोपाच्या रविवारीच त्याची चुणूक दिसली. नव्या पाळकांनी पहिली प्रार्थना केली. चांगली केली, आटोपशीर. "आमेन" म्हणाले. पण चर्चमध्ये कुणीच "आमेन" म्हणेना. सगळे डोळे मिटून, माना खाली घालून उभे. नव्या पाळकांनी एक डोळा किलकिला करून बघितलं. मीही बघितलं, लांब प्रार्थनेत माझे डोळे तसेही मिटलेले राहत नाहीत. मग माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं प्रार्थना संपताना हे आधी घसा खाकरायचे आणि मग "आमेन" म्हणायचे. लोकांच्या कानांना त्या खाकरण्याचीच सवय. खाकरल्याशिवाय प्रार्थना संपली असं कुणाला वाटेचना! आणि हे पुढच्या खुर्चीत ओठ घट्ट मिटून बसलेले. गळ्याची घाटी वरखाली होत होती. शेवटी त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आमेन म्हणा की आता, गुडघे लई दुखाया लागले." तेव्हा कुठे सगळे एकदम "आमेन" म्हणाले.

त्याच दिवशी पंचांनी सांगितलं, ह्यांच्या नावाची फरशी चर्चच्या भिंतीत बसवायची आहे. हे म्हणाले, "नको. नाव एकाचंच राहू द्या, येशूचं." लोक गहिवरले. घरी आल्यावर दोन दिवस मला विचारत होते, "मी जरा घाईत नाही म्हणालो का गं?"

पाळकाचं घर चर्चचं असतं, ते सोडावं लागलं. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घराच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातल्या, मुलगा पुण्याला नोकरीत. ह्यांचा खणखणीत आवाज ऐकून मावशींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की हे निवृत्त हेडमास्तर आहेत. "गुरुजी, जिना चढताना जपून," म्हणाल्या. आणि नवल म्हणजे ह्यांनी चूक दुरुस्त केली नाही. मी वर आल्यावर विचारलं, "सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "काय सांगू? पाळक होतो, असं?" मला तेव्हा पहिल्यांदा ह्यांची कीव आली.

पण एक गोष्ट त्यांच्याने सुटत नव्हती. ती म्हणजे पाणी.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कितीएक दिवसांनी एकदा येतं, प्रत्येक गल्लीचा दिवस निराळा, आणि आलं की घरातलं सगळं भांडंकुंडं भरून घ्यावं लागतं. धडधाकट माणसाचं ठीक आहे. आजारी, म्हातारं, बाळंतीण असेल तर? ह्यांनी पहिल्या वर्षीच ते काम अंगावर घेतलं. ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं, त्या घरी पाण्याच्या दिवशी जाऊन पिंपं भरायची. घर ख्रिस्ती आहे की नाही हे विचारायचं नाही. आधी पिण्याचे हंडे, मग वापरायचं पाणी. कुणी म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. आणि काही झालं तरी चहा घ्यायचा नाही. हळूहळू मंडळीतली पाचपंचवीस माणसं ह्या कामाला लागली. उपदेशात ह्यांनी त्याचा कधी उल्लेखही केला नाही. उपदेश विसरले गेले असतील, मलाही आठवत नाहीत, पण पाणी लोकांच्या लक्षात होतं.

चहावरून आमचं कायम वाजायचं. मी म्हणायची, "अहो, घोटभर घेतला तर काय बिघडतं?" हे म्हणायचे, "पाण्याच्या बदल्यात चहा घेतला की तो व्यवहार झाला. सेवा राहिली कुठे?" ह्यांच्यापुढे बोलून कोण जिंकणार! मी नाद सोडला.

नव्या घरात आल्यावर हे पहाटे उठून बसायचे. "आज स्टेशनजवळच्या गल्लीचं पाणी. तिथल्या आजींकडे कोण गेलं असेल?" फोन हातात घ्यायचे. मी तो काढून घ्यायची. "नव्या पाळकांना करू दे की त्यांचं काम." "ते विसरले तर?" "विसरले तर विसरले. चर्च तुम्ही बांधलं की देवाने?" ह्यांचा चेहरा चुलीवर दूध ठेवून बाहेर पडलेल्या बाईसारखा व्हायचा. बंद झालं तर? हाच एक प्रश्न त्यांना खात होता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो पडला होता. ज्यात आयुष्य घातलं ते काम माणूस निघून गेल्यावर उरतं का, आणि उरलं तर कसल्या रूपात, हे मला बघायचं होतं.

अशात ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. त्याच सुमारास मावशी न्हाणीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडून अंथरुणाला लागल्या. पाण्याचा दिवस आला. हे जिन्यावर बसून मला सूचना द्यायला लागले. मी कमरेला पदर खोचला, पण माझेही गुडघे कुठे धड आहेत? मी पाइप ओढत होते, तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. चाळिशीची असेल, अंगावर कंपनीचा निळा कोट, डोक्याला रुमाल. स्कूटी बाहेर लावलेली.

"मावशी, आले गं!" तिने दारातून हाक दिली आणि सरळ माझ्या हातातला पाइप घेतला. "काकू, तुम्ही बसा. काका, तुम्ही तर हलूच नका, तुमचं ऑपरेशन झालंय म्हणं. पिण्याचे हंडे कुठं हायत? आधी ते भरते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

ती शेजारच्या गल्लीत राहायची. मूळची फुलंब्रीची, म्हणून मावशींशी गट्टी. नवऱ्याच्या नोकरीपायी यंदाच शहरात आली होती. हंडे भरता भरता तिचं तोंड चालूच होतं.

"तुम्ही दर वेळी येणार का?" ह्यांनी विचारलं. 

"व्हय. मावशी उठून चालाया लागेस्तोवर. आमच्या मंडळीची पद्धतच हाय तशी. आम्ही ख्रिस्ती आहोत, मुकुंदवाडीच्या चर्चात जातो. कंपनीतल्या मैत्रिणीनं नेलं पहिल्यांदा. तिथं आजाऱ्याच्या घरी पाणी भरायचं असतं, कुणाचं बी घर असू द्या."

माझ्या हातात बादली होती, ती मी खाली ठेवली. ह्यांनी कठडा धरला.

"कुणी सुरू केलं हे?" ह्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने, पत्ता विचारावा तसं.

"काय माहीत बा. आधीपासूनच हाय. नव्या पाळकांनी लावलं असंल."

माझ्या जिभेवर शब्द आले होते. अगं बाई, तो हाच माणूस, तुझ्यासमोर बसलाय! मी तोंड उघडलंही, पण ह्यांनी हळूच मान हलवली. आडवी. मी बादली उचलली, पण मनातून अशी चिडले होते की सांगता सोय नाही. नाव नको म्हटलं म्हणून एवढं पुसलं जावं?

पिंपं भरली. आतून मावशी ओरडल्या, "मास्तरीणबाई, माझ्या चुलीवर चहा टाका गं, माझ्या डब्यातली साखर घाला. चांगली तीन चमचे!" मी ह्यांच्याकडे बघितलं. आता ही बाई नाही म्हणणार. पण ती पाय पसरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आलं घाला काकू, असलं तर."

हे पुढे झुकले. "चहा घेता तुम्ही? मंडळीत चालतं?"

"आधी नाय चालायचं म्हणं. मग एका घरी आजी लई रडली. म्हणली, माझ्या घरचा चहा तुम्हाला चालत नाय का? माझा इटाळ होतो का? तेव्हापासून बायांनी ठरवलं, चहा घ्यायचाच. आजारी माणसानं निस्तं घेतच ऱ्हायचं व्हय? त्याला बी कायतरी देऊ द्या की."

हे मागे सरकून भिंतीला टेकले. ह्यांच्या आजोबांना गावात चहा मिळायचा तो बाहेर, वळचणीला ठेवलेल्या बिनकानाच्या कपात. ते सांगताना ह्यांचा आवाज आजही बदलतो. आणि त्याच माणसाने इतकी वर्षं घरोघरी चहा नाकारला होता, सेवा म्हणून. समोरच्याला ते कसं दिसत असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. मी चहा गाळत होते. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण डोळे भरून आले.

मी कप आणले. एक तिला, एक मावशींना नेऊन दिला. तिसरा माझ्या हातात होता. ह्यांनी हात पुढे केला. मावशींच्या साखरेचा, मावशींच्या कपातला चहा ते जिन्यावर बसून प्यायले. फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत.

"गोड झालाय," म्हणाले.

"काका, तुम्ही बी आमच्यातलेच ना? मावशी म्हणत होती, वर भिंतीला क्रूस हाय. कोणत्या मंडळीत जाता?"

आता आली पंचाईत. 

"सध्या कोणत्याच नाही," हे म्हणाले. "नवीन आहोत."

"मग या की आमच्याकडं! पाळकसाहेब लई साधे हायत. मी जागा धरून ठेवते. पुढं बसता का मधी?"

वर्ष पुरं व्हायला पावसाळा सरेपर्यंत अवकाश होता. ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी कारण सांगून टाळतील.

"पावसाळा झाला की येतो," ते म्हणाले. "पण जागा मागे धरा. अगदी शेवटच्या बाकावर. तिथून कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नाही."

आणि त्यांनी घसा खाकरला. माझ्या तोंडून इतक्या वर्षांच्या सवयीने शब्द निघून गेला, "आमेन."

ती बाई खळखळून हसली. "काकू, अजून प्रार्थना कुठं झाली?"

"झाली गं," मी म्हणाले, "आत्ताच झाली."