जीन्सचा दोरा

मी सातवीत शाळा सोडली आणि आता बदलापूरला नदीकाठी उभा राहून लोकांना शिकवतो, हे वाक्य अजून मलाच खोटं वाटतं. त्यात शिकवतो काय, तर खळाळत्या पाण्यात होडी कशी वल्हवायची आणि वाहून चाललेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं. आमच्या माणदेशात ओढ्याला पाणी वर्षातून चार दिवस. ते बघायला आम्ही देवाला गेल्यासारखे जायचो आणि लांबूनच परत यायचो.

उल्हासनगरला मी जीन्स शिवायला आलो. सेठ सिंधी, माणूस दिलदार, पण एका बाबतीत कडक. "माल कैसा भी हो साईं, घडी टाइट चाहिए!" बारा पँटींची चळत करायची, जीन्सच्याच दोऱ्याने दोन ठिकाणी बांधायची, टेम्पोत कितीही आदळली तरी हलता कामा नये. त्या घडीत मी पटाईत होतो. शिलाईबद्दल न बोललेलं बरं.

एकदा बदलापुरातल्या कात्रपचे एक सर कारखान्यावर आले. अंबरनाथच्या कंपनीतून निवृत्त झालेले, साठी उलटलेली, दंड मात्र पहिलवानाचे. दर रविवारी ते नदीकाठच्या गावकऱ्यांना पुरात माणूस कसा वाचवायचा ते शिकवायचे. त्यासाठी त्यांना फेकदोरीच्या पिशव्या शिवून हव्या होत्या. या पिशवीत लांबलचक दोरी भरलेली असते. दोरीचं टोक आपण हातात धरायचं आणि पिशवी वाहणाऱ्या माणसाकडे फेकायची. पिशवी उडत जाते तशी दोरी आतून सुटत जाते.

पिशव्या पोचवायला मी नदीवर गेलो. सर म्हणाले, "बसून बघ होडीत." बसलो. वल्हं पाण्याला लागायच्या आधी मी पाण्यात होतो. मीच शिवलेली पिशवी फेकून सरांनी मला ओढून काढलं. अभिमान वाटायला हवा होता, पण माझे दात वाजत होते. सरांनी स्वतःचा टॉवेल दिला, घरी नेऊन पोहे खायला घातले. पुढचे दोन पावसाळे मी त्यांच्याकडे शिकलो. माझं शिकणं म्हणजे पडणं आणि त्यांचं शिकवणं म्हणजे काढणं. एकदाही ते ओरडले नाहीत. शाळेत एवढं न ओरडणारं कुणी भेटलं असतं तर आठवी झाली असती.

यंदा सर म्हणाले, "रविवारचा वर्ग तू घे. मी पाण्यातून वाहत येतो, तू दोरी फेकून दाखव. जमलं तर यापुढे नवीन लोक तुझ्याकडे."

आणि मी काय करावं? वर्ग व्हायच्या आधीच आईला फोन केला. "आई, मी मास्तर झालो." आईने तासाभरात सगळ्या आळीला सांगितलं. आता फसलो असतो तर सरांना तोंड दाखवता आलं असतं एक वेळ, आळीला नाही.

शनिवारी दुपारी सरांनी तीन पिशव्या वाळवून माझ्याकडे दिल्या. दोरी पिशवीत कशीही कोंबायची असते, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलेलं. पण तो बोळा मला बघवेना. वाटलं, उद्या लोक आत डोकावतील आणि म्हणतील, काय हा गचाळ मास्तर! तिन्ही दोऱ्यांच्या मी एकसारख्या घड्या घातल्या आणि प्रत्येक घडी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली. फेकल्यावर झटक्याने दोरा तुटेल, असा माझा हिशेब. दोरा जीन्सचा होता हे माझ्या हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं.

रविवारी काठावर सात जण. सगळ्यांत पुढे गावातली एक मावशी, जन्म याच नदीवर मासे धरण्यात गेलेला.

"मास्तर, तुमचे गावान नदी हाय का?"

"ओढा आहे."

"मंग जपून उभं ऱ्हा. ही नदी हाय."

वरच्या खडकापासून सर वाहत आले. पाठीवर, पाय पुढे, हात वर. मी जोरात "दोरी!" ओरडलो आणि पिशवी फेकली. ती चार हातांवर जाऊन वीट पडावी तशी पडली. दुसरी फेकली. तीही तशीच. तिसरी उचलेपर्यंत सर माझ्या समोरून निघूनही गेले. जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती अजून आठवते. मग ते शांतपणे पालथे झाले आणि पोहत खालच्या डोहात काठाला लागले. तिथून चालत वर यायला त्यांना पाच मिनिटं लागणार होती.

तेवढ्यात मावशीने पिशवीत हात घातला. "अगो बाय! दोरी त झोपलीय आत! ही कोनी बांधली?"

कारखान्यात कुणीतरी बांधली असेल, हे जिभेवर आलं होतं.

"मीच," मी म्हटलं. "नीटनेटकी दिसावी म्हणून."

सगळे हसले. मावशीने दोरा दाताने तोडून बघितला. तुटेना. शेवटी कुणाचा तरी कोयता आला. मग मी तिथेच चिखलात बसलो, दोरी मोकळी केली आणि मूठ मूठ करून पिशवीत कोंबायला लागलो. "घडी घालून बांधली की दोरी आतच अडकते. गचाळ कोंबली की सुटते. माणूस वाहत असताना आपल्या कामाची इस्त्री कुणी बघत नाही." एकेकाच्या हातात दोरी देऊन कोंबून घेतली. किती वेळ बोलत होतो कळलंच नाही. वर बघितलं तर सर मागे उभे, अंगातून पाणी गळतंय.

मी मान खाली घातली. सर म्हणाले, "चल, मी परत वाहून येतो." आणि खडकाकडे चालायला लागले.

या वेळी मी पिशवी मावशीच्या हातात दिली. माझ्या हातावर माझा भरवसा नव्हता, हे खरं कारण. तिने ती जाळं टाकावं तशी टाकली. दोरी सळसळत सुटली आणि सरांच्या छातीवर आडवी पडली. सगळ्यांनी मिळून त्यांना काठाला घेतलं. बाहेर येऊन सर केस पुसत एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी नऊ जण नवीन आहेत. वेळेवर ये."

संध्याकाळी आईचा फोन.

"झाली का शाळा? काय शिकवलंस रं?"

"पिशवीत दोरी कोंबायला."

"त्येला मास्तर लागतोय व्हय?"

"लागतो, आई. लई लागतो."

तिने आळीला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.